चकली जेवत नाहीये! गेकोनं खाणं सोडलं तर काय करायचं?

[भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.]

मागच्या भागात आपण कुत्र्यांच्या खाण्याच्या सवयींवर बोललो. त्यावर एका श्रोत्याचा निरोप आला. ते म्हणतात, ताई, कुत्र्या-मांजरांचं सगळेच सांगतात, पण माझ्या मुलाची लेपर्ड गेको बारा दिवस झाले काही खात नाहीये, त्याचं काय करू? निरोप वाचला आणि मला आमचा २०२२ सालचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवला. म्हणून आजचा भाग त्यावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लेपर्ड गेको म्हणजे पालीचीच एक जात. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, म्हणून लेपर्ड. पण आपल्या घरातल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा ती बरीच वेगळी. हिला पापण्या असतात, डोळे मिटून झोपते. पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे काचेवर किंवा भिंतीवर चढता येत नाही. आणि शेपटी जाडजूड, कारण चरबीचा साठा तिथे असतो. उंटाचं मदार तसं हिचं शेपूट. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातली. १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानं तिचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पंजाबातल्या सॉल्ट रेंज डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. आज युरोप-अमेरिकेत घरात पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हिचा नंबर बराच वरचा आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. लेकीच्या नवव्या वाढदिवसाला ही घरी आली. नाव लेकीनंच ठेवलं, चकली. सोलापूरला आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आम्ही जन्मभर झाडूनं पाल हाकलली आणि तू पैसे देऊन पाळलीस?" असो.

चकली दीड वर्षं मजेत होती. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पाच-सहा रातकिडे किंवा अळ्या, पाण्याची वाटी, झालं. मग आली दिवाळी. आता दिवाळी म्हटल्यावर घराची साफसफाई आलीच. त्या झपाट्यात आम्ही चकलीचंही घर साफ करायला काढलं. लेकीच्या खोलीतला टँक हॉलमध्ये आणला, म्हणजे पाहुण्यांना दिसेल. आत किचन पेपर अंथरलेला असायचा, तो काढून छान माती-वाळूचा दोन इंचांचा थर घातला, त्यावर काळी फरशी. जुनं प्लास्टिकचं लपायचं घर रंग उडाला म्हणून टाकलं आणि नवीन, मोठं, दोन्हीकडून उघडं असलेलं आणलं. फोटो काढला, सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी वाहवा केली.

आणि चकलीनं खाणं सोडलं.

पहिले चार दिवस आम्ही लक्षच दिलं नाही. आठव्या दिवशी लेक म्हणाली, आई, किडे तसेच आहेत. मग सुरू झाला आमचा आग्रह. आपल्याकडे जेवत नसलेल्या माणसाला कोणी सुखानं बसू देतं का? हे नको तर ते खा, निदान दोन घास खा. चिऊ-काऊचे घास भरवून वाढलेली माणसं आपण. तेच मी त्या पालीला करायला लागले. सकाळी चिमट्यात रातकिडा धरून तोंडासमोर. दुपारी अळी. रात्री वॅक्सवर्म नावाची पांढरी गुबगुबीत अळी, जी म्हणजे त्यांची बासुंदी. मग कुठेतरी वाचलं, की अळी दाबून तिचा रस ओठाला लावा म्हणजे चाटेल. तेही केलं. तिनं चाटलं, मान फिरवली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. दिवसातून पाच वेळा आम्ही झाकण उघडत होतो. लेक शाळेतून आली की आधी टँकपाशी. एक दिवस मला विचारते, "आई, ती माझ्यावर रागावलीय का? तिची खोली मी हलवू दिली म्हणून?" काय उत्तर देणार?

आईचा फोन आला तेव्हा सहज बोलले. तिनं एकच विचारलं, "जागा हलवलीत का? आमच्याकडे बाजारातून नवी म्हैस आणली की चार दिवस वैरणीला नीट तोंड लावत नसे." मी हसून सोडून दिलं. म्हटलं, म्हैस कुठे, पाल कुठे.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य वेगळे असतात बरं का, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात मिळतील असं नाही. त्यांनी वजन केलं, ५९ ग्रॅम. नशिबानं लेकीनं शाळेच्या प्रकल्पासाठी सप्टेंबरमध्ये वजन लिहून ठेवलं होतं, ६४ ग्रॅम. तोंड उघडून पाहिलं. पोटावर उजेड धरून पाहिलं, की आत अंडी तर नाहीत ना. कारण मादी नराशिवायही अंडी धरू शकते आणि तेव्हा खाणं कमी होतं. अंडी नव्हती. शेपटी अजून जाड होती. डॉक्टर म्हणाल्या, ही आजारी दिसत नाहीये. मग विचारलं, "तिनं खाणं सोडलं त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात काय बदललं?"

म्हणजे सोलापूरचा म्हशीचाच प्रश्न!

मी सगळी दिवाळी सांगितली. त्या म्हणाल्या, घरी जा आणि ती जिथे पोट टेकवते तिथलं तापमान मोजा. थर्मोस्टॅटवरचा आकडा नको, प्रत्यक्ष फरशीचं. आमच्याकडे पिझ्झा ओव्हनसाठी घेतलेला इन्फ्रारेड थर्मामीटर पडून होता. फरशीवर धरला. थर्मोस्टॅट दाखवत होता ३२ अंश आणि फरशी होती साडेचोवीस!

झालं असं होतं, की उष्णता देणारी हीट मॅट काचेच्या खाली आणि तिचा प्रोब मॅटला चिकटवलेला. मॅट ३२ अंशाला पोचली की थर्मोस्टॅट म्हणायचा, काम झालं. पण वर आम्ही दोन इंच माती घातली होती. पूर्वी पातळ कागद होता तेव्हा ऊब वर पोचायची, आता मातीनं ती अडवली. त्यात ते वर्ष म्हणजे इथे गॅस-विजेची बिलं आभाळाला भिडलेली. आम्ही रात्री घराचं हीटिंग बंद ठेवत होतो. आम्ही स्वेटर घालत होतो. चकलीला कुठला स्वेटर?

आता हे नीट समजून घ्या, कारण आजच्या भागाचा गाभा इथेच आहे. आपण गरम रक्ताचे. बाहेर थंडी असो की ऊन, आपलं पोट ३७ अंशाच्या आसपासच काम करतं. पालीचं तसं नाही. तिच्या शरीराची ऊब बाहेरून येते. ती गरम जागी जाऊन बसली तरच तिचं आतडं नीट हलतं आणि पाचकरस नीट काम करतात. थंडीत पोटात गेलेला किडा तसाच पडून राहतो, कुजतो, कधी उलटून पडतो. म्हणजे चूल पेटलेली नसताना भांड्यात तांदूळ टाकण्यासारखं. म्हणून थंड जागी पाल खात नाही. आम्हाला वाटत होतं ती रुसलीय, हट्ट करतेय. खरं तर आमच्या घरात त्या महिन्यात तीच शहाणी होती.

मग काय केलं, ते क्रमानं सांगते. तुमच्याकडे अशी वेळ आली तर याच क्रमानं जा. खाणं सगळ्यात शेवटी.

पहिली गोष्ट ऊब. पोट टेकते त्या पृष्ठभागावर साधारण ३२ अंश, आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला २४-२५. दोन्ही हवं, म्हणजे तिला हवं तेव्हा गरम, हवं तेव्हा गार जागी जाता येतं. काचेला चिकटवतात त्या गोल थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका, तो हवेचं सांगतो, फरशीचं नाही. आणि एक धोक्याची सूचना. वर थंड आहे म्हणून नुसता थर्मोस्टॅट वाढवू नका. पाल माती उकरून खाली गेली तर थेट मॅटच्या उष्णतेवर जाईल आणि पोट भाजेल. आम्ही गरम बाजूची माती काढली, फरशी थेट काचेवर ठेवली आणि प्रोब फरशीवर आणला. पुन्हा मोजलं. थर्मोस्टॅटशिवाय मॅट वापरणाऱ्यांनी तर आजच थर्मोस्टॅट आणा.

दुसरी गोष्ट लपायची जागा. एक गरम बाजूला, एक गार बाजूला, आणि एक ओलसर. ओलसर म्हणजे आत भिजवलेलं शेवाळ किंवा किचन पेपर. तिथे तिला कात टाकायला सोपं जातं. कात डोळ्याशी अडकली तरी खाणं सुटतं, कारण किडा नीट दिसत नाही. लपायची जागा घट्ट हवी. पाठ वर टेकली की तिला सुरक्षित वाटतं. आमचं नवं घर दिसायला सुंदर, पण दोन्हीकडून उघडं. तिच्या दृष्टीनं तो बसस्टॉप होता. जुन्यासारखंच साधं घर परत आणलं.

तिसरी गोष्ट शांतता. टँक परत लेकीच्या खोलीत नेला. तीन बाजूंना बाहेरून कागद लावला. आणि सात दिवस कुणीही हात लावायचा नाही, उचलायचं नाही, काचेवर टकटक नाही. फक्त पाणी बदलायचं आणि शी असेल तर काढायची. लेकीला हे सगळ्यात जड गेलं. तिला म्हटलं, आपल्याला बरं नसताना सारखं कुणी "काय खातेस, काय खातेस" करत दार वाजवलं तर कसं वाटेल? तिला पटलं. मला मात्र स्वतःलाच हे सांगावं लागत होतं. नव्यानं घरी आणलेल्या गेकोलाही हेच लागू. ती आठवडा-दोन आठवडे खात नाही, हे नेहमीचं आहे.

चौथी गोष्ट वेळ. हा संधिप्रकाशातला प्राणी. दिवेलागणीला आणि पहाटे शिकार करतो. आमच्या हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत झगझगीत दिवे आणि टीव्ही, म्हणजे तिची संध्याकाळ कधी होतच नव्हती. रोज ठरलेल्या वेळी दिवे मंद करायला सुरुवात केली.

आणि आता पाचवी गोष्ट, खाणं. आठव्या दिवशी सुरुवात केली. किडा केवढा? तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, पहिल्यांदा तर त्याहून लहानच. किडा हलणारा हवा, कारण तिचं लक्ष हालचालीकडे जातं. मेलेला, वाळवलेला किडा बहुतेक गेकोंना खाणं वाटतच नाही. एकावेळी एक. चिमट्यानं देत असाल तर तोंडावर धरू नका. थोडं लांब, बाजूला, जमिनीलगत हळू हलवा. तिला पाठलाग करू द्या. पाच मिनिटांत घेतला नाही तर काढून टाका, दोन दिवस विषय बंद. रातकिडे रात्रभर आत सोडून देऊ नका, ते भुकेले असले की झोपलेल्या पालीलाच चावतात. प्रकार बदलून बघा. रातकिडे, मीलवर्म, डुबिया जातीची झुरळं. कधी कधी कंटाळाही असतो. वॅक्सवर्म मात्र जपून. त्यात चरबी फार, आणि एकदा चटक लागली की बाकी काही नको होतं. पोराला रोज चॉकलेट देऊन भाकरीची वाट बघण्यासारखं ते. ओठाला रस लावायची युक्ती खोटी नाही, पण चूल पेटल्यानंतरची आहे. आम्ही ती आधी केली.

किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, हिरवा पाला खायला घाला. किड्याच्या पोटात जे असतं ते शेवटी पालीच्या पोटात जातं. वर कॅल्शियमची पूड लावा. कॅल्शियम आणि डी-३ कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा वाकतो, आणि मग खायची इच्छा असूनही चावता येत नाही. बागेतले किडे पकडून घालू नका. त्यांच्यावर फवारलेलं औषध असू शकतं, आणि काजवे तर सरड्या-पालींना जीवघेणे ठरतात.

जबरदस्तीनं तोंड उघडून भरवू नका. जबडा दुखावतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. तशी वेळ आली तर ते काम डॉक्टरांचं.

तर नवव्या दिवशी संध्याकाळी लेक वरून ओरडली नाही. ती हळूच जिना उतरून आली, कारण ओरडायचं नाही हे तिला माहीत होतं. माझ्या कानात म्हणाली, "खाल्लं. एक मीलवर्म." आणि मग मलाच रडू आलं. एका पालीनं एक अळी खाल्ली म्हणून मी जिन्यात बसून रडले. हे आईला अजून सांगितलेलं नाही, आता ती ऐकेलच.

पण थांबा, इथे गोष्ट संपवली तर मी तुम्हाला अर्धवट सल्ला देईन. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाकडे पिल्लू गेको होती. तिनंही खाणं सोडलं. त्यांचं तापमान बरोबर होतं, जागा बरोबर होती. त्यांना सगळ्यांनी सांगितलं, अहो, या पाली महिनाभर उपाशी राहतात, काळजी करू नका. आम्हीही त्यांत होतो. ते थांबले. शेपटी पेन्सिलीसारखी झाली तेव्हा डॉक्टरांकडे नेली. तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला, आतड्यातला परजीवी. फार उशीर झाला होता. ती वाचली नाही.

म्हणून आग्रह नको, तसं दुर्लक्षही नको. मग कळणार कसं, की थांबायचं की धावायचं? वजनकाट्यानं. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. एका डब्याचं वजन शून्य करून घ्या, त्यात पाल ठेवा. शेपूट कधी पकडू नका, घाबरली तर टाकून देईल. एरवी महिन्यातून एकदा, खात नसेल तर आठवड्यातून एकदा. शांततेच्या सात दिवसांत फक्त या एका कामासाठी झाकण उघडायला परवानगी. तारीख आणि आकडा वहीत. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ५८ च्या खाली आली की वाट न बघता घेऊन या. ६४ चे दहा टक्के म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, हा तो हिशोब. मोठी, जाड शेपटीची गेको काही आठवडे निभावून नेते. थंडीत काहींचं खाणं मंदावतं. विणीच्या हंगामात नर कधी कधी जेवण विसरतात. पण वजन टिकून असायला हवं. पिल्लांना ही सूट नाही, ती रोज खाणारी. त्यांनी चार-पाच दिवस तोंड लावलं नाही तर फोन करा.

आणि वजन कितीही असो, ही लक्षणं दिसली तर थांबू नका. शेपटी झपाट्यानं बारीक होणं, डोळे खोल जाणं, तोंडाशी सूज किंवा पू, पातळ किंवा रक्ताची शी, खाल्लेलं उलटून पडणं, पोट फुगून शी बंद होणं, चालताना पाय लटपटणं. जाताना शक्य असेल तर ताजी शी डबीत घालून न्या आणि टँकचे फोटो न्या. चकली खायला लागल्यावर आम्हीही शी तपासून घेतली. स्वच्छ आली. आणि हो, हाताळल्यावर साबणानं हात धुवा, घरातल्या लहानग्यांचेही. पालींच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांना एक विनंती. हिची एक जवळची बहीण आपल्याकडे महाराष्ट्र-गुजरातच्या रानात राहते. कधी दिसलीच तर लांबून बघा. ती विषारी नसते, मारू नका आणि उचलून घरीही आणू नका. रानातले प्राणी पकडून पाळण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत, आणि तिची चूल रानातच नीट पेटते.

तर ज्यांनी निरोप पाठवला त्यांना सांगते. दादा, आज रात्री किडे देऊ नका. फरशीचं तापमान मोजा, पालीचं वजन करा, दोन्ही आकडे लिहा आणि बारा दिवसांपूर्वी घरात काय बदललं ते आठवा. मुलाला सांगा, ती तुझ्यावर रागावलेली नाही. वजनाचा आकडा आणि तिचं वय मला कळवा, आणि पिल्लू असेल तर मला कळवण्याआधी डॉक्टरांना कळवा.

चकली आता पाच वर्षांची होऊन गेली आहे. वही चालू आहे. दिवाळीत आम्ही सगळं घर साफ करतो, फक्त तिचा टँक सोडून.